ब्रिटनमधील माता-बाल आरोग्य संशोधनात वांशिक अल्पसंख्य पालकांना कसे सामावून घ्यावे

गरोदरपण, बाळंतपण किंवा नवजात बालके यांविषयीच्या अनेक ब्रिटिश अभ्यासांच्या आराखड्यात, सहभागाचे निकष सांगणाऱ्या पानाच्या तळाशी, 'इंग्रजी वाचता व समजता येणे आवश्यक' असे एक साधे वाक्य असते. ते कोणी आकसाने लिहिलेले नसते. दुभाष्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसतो, प्रश्नावली केवळ इंग्रजीतच प्रमाणित झालेली असते, आणि म्हणून हे वाक्य एका आराखड्यातून दुसऱ्या आराखड्यात जसेच्या तसे उतरत राहते. परंतु त्या एका ओळीमुळे सिल्हेटी, मीरपुरी, सोमाली किंवा रोमानी बोलणाऱ्या कितीतरी आया अभ्यासाबाहेर राहतात, आणि निष्कर्ष मात्र सर्वच गरोदर स्त्रियांना लागू असल्याप्रमाणे छापला जातो.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, काम करणारे मराठी डॉक्टर, परिचारिका, मिडवाइफ, संशोधन-साहाय्यक आणि तेथे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी यांना स्वतःचा अभ्यास आखताना उपयोग व्हावा, या हेतूने हे मार्गदर्शन लिहिले आहे. अल्पसंख्य पालक संशोधनात 'येत नाहीत' असे म्हणण्याची जी सवय लागलेली आहे, ती प्रथम सोडावी असे माझे मत आहे. ते बहुधा आराखड्यातच गळलेले असतात, त्यामुळे दुरुस्तीही तेथूनच सुरू करावी लागते. सहभागी मिळेनासे झाल्यावर शेवटच्या तीन महिन्यांत एखाद्या मशिदीत किंवा गुरुद्वारात भित्तिपत्रके लावल्याने ती होत नाही.

हा प्रश्न केवळ न्यायाचा नाही, तर अचूकतेचाही आहे. मातामृत्यूंची देशव्यापी तपासणी करणाऱ्या एम्ब्रेस-यूके या उपक्रमाने २०१४–१६ या काळासाठी नोंदवले होते की, कृष्णवर्णीय स्त्रियांमधील मातामृत्यूचे प्रमाण श्वेतवर्णीय स्त्रियांच्या जवळजवळ पाचपट आहे. कृष्णवर्णीय मातांसाठी काम करणाऱ्या 'फाइव्ह एक्स मोअर' (पाचपट अधिक) या संघटनेचे नाव त्यावरूनच पडले. २०२०–२२ या काळातही हे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये जवळजवळ तिप्पट आणि आशियाई स्त्रियांमध्ये जवळजवळ दुप्पट होते. ज्या स्त्रियांना धोका सर्वाधिक आहे, त्याच पुराव्यात सर्वांत कमी असतील, तर त्या पुराव्यावर उभारलेले उपचार त्यांच्यासाठी कितपत योग्य आहेत, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

आराखड्याच्या पहिल्या मसुद्यापूर्वी

आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या एनआयएचआर या सरकारी संस्थेच्या 'इन्क्लूड' प्रकल्पातून तयार झालेली वांशिकतेविषयीची चौकट येथे उपयोगी पडते. ती मुख्यतः चार गोष्टी विचारते: या चाचणीचे निष्कर्ष कोणाला लागू व्हायला हवेत, निरनिराळ्या गटांवर उपचाराचा परिणाम निराळा होण्याची शक्यता आहे का, उपचाराचे स्वरूप काही गटांना अडचणीचे ठरेल का, आणि चाचणीची रचना काही गटांना अडचणीची ठरेल का. हे प्रश्न निधीचा अर्ज लिहिण्यापूर्वी विचारावेत. अर्ज मंजूर झाल्यावर उत्तरे सापडली तरी त्यांसाठी पैसा उरलेला नसतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना प्रत्यक्ष लोकसंख्या पाहावी. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये ८१.७ टक्के लोकांनी स्वतःची नोंद श्वेतवर्णीय, ९.३ टक्क्यांनी आशियाई आणि ४ टक्क्यांनी कृष्णवर्णीय अशी केली. परंतु तुमचे प्रसूतिगृह ब्रॅडफर्ड, लेस्टर किंवा पूर्व लंडनमध्ये असेल, तर राष्ट्रीय सरासरी फारशी कामाची नाही. त्या रुग्णालयात मागील वर्षी बाळंत झालेल्या स्त्रियांची वांशिक गटनिहाय आणि भाषानिहाय संख्या मागवून घ्यावी व तीच निवडीची कसोटी मानावी.

याउलट, राष्ट्रीय पातळीवर प्रातिनिधिक नमुना काढायचा असेल, तर प्रमाणशीर निवडीत छोटे गट इतके लहान राहतात की त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे काहीच म्हणता येत नाही. २००० ते २००२ दरम्यान जन्मलेल्या सुमारे १९,००० मुलांचा मागोवा घेणाऱ्या मिलेनियम कोहोर्ट अभ्यासात यासाठी अल्पसंख्य लोकवस्ती अधिक असलेले विभाग इंग्लंडमधून मुद्दाम जास्त प्रमाणात निवडले होते आणि विश्लेषणात भार देऊन तो असमतोल सावरला होता. असा निर्णय सुरुवातीलाच संख्याशास्त्रज्ञासोबत बसून घ्यावा लागतो.

पालकांना प्रश्न ठरवण्याच्या टप्प्यावर बोलावले नाही, तर काय होते, याचे एक उदाहरण २०२१ सालचे आहे. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या, प्रसूती कृत्रिमरीत्या सुरू करण्याविषयीच्या मसुद्यात असे सुचवले होते की, गरोदरपण गुंतागुंतीचे नसले, तरी कृष्णवर्णीय, आशियाई व इतर अल्पसंख्य स्त्रियांबाबत ३९ व्या आठवड्यात प्रसूती सुरू करण्याचा विचार व्हावा. कळा कृत्रिमरीत्या सुरू केल्याने अशा स्त्रियांचा जीव वाचतो, याचा थेट पुरावा कोठे आहे, आणि त्वचेचा वर्ण हाच आजार कसा धरला, असे प्रश्न स्त्रियांच्या संघटनांनी आणि मिडवाइफनी उपस्थित केले. त्या वर्षाच्या अखेरीस आलेल्या अंतिम मार्गदर्शनातून ती शिफारस वगळण्यात आली. वांशिकता हे बहुधा वागणूक, गरिबी, सेवेतील विलंब आणि वंशभेद यांचे सोयीचे प्रतिरूप म्हणून वापरले जाते. तुमच्या अभ्यासात ते नेमके कशाचे निदर्शक आहे, हे लिहून काढावे.

गटांची नोंद आणि मोजमापाची साधने

वांशिक गट नेहमी स्वतः व्यक्तीलाच विचारावा. आडनाव किंवा चेहरा पाहून रकाना भरू नये. जनगणनेतील सविस्तर वर्गवारी वापरावी आणि संख्या तोकडी असेल तरच गट एकत्र करावेत. भारतीय, पाकिस्तानी व बांगलादेशी कुटुंबांचे उत्पन्न, स्थलांतराचा इतिहास आणि भाषा इतक्या भिन्न आहेत की, 'दक्षिण आशियाई' या एका खान्यात त्यांची सरासरी काढली, तर हाती येणारे चित्र कोणाचेच नसते. जिप्सी व आयरिश ट्रॅव्हलर यांना २०११ मध्ये आणि रोमा यांना २०२१ मध्ये जनगणनेत स्वतंत्र रकाना मिळाला; रुग्णालयातील जुन्या संगणकप्रणालीत तो असेलच असे नाही, हे तपासून घ्यावे. बाळाची वांशिकता आईवरून गृहीत धरू नये आणि वडिलांची नोंद वेगळी घ्यावी.

मोजमापाच्या साधनांकडेही तितक्याच संशयाने पाहावे. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मांडलेल्या गुणांकनात बाळाचा वर्ण 'सर्वांगी गुलाबी' असल्यास पूर्ण गुण मिळतात; सावळ्या किंवा काळ्या बाळाच्या बाबतीत हा निकष कसा लावायचा, असा प्रश्न आरोग्यातील वांशिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या एनएचएसच्या रेस अँड हेल्थ ऑब्झर्व्हेटरीने २०२३ च्या आढाव्यात उपस्थित केला आहे. नवजात कावीळ केवळ डोळ्यांनी ओळखण्याबाबत तेच, आणि गडद त्वचेवर रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरबाबतही तेच. तुमच्या अभ्यासाचा मुख्य परिणाम अशा साधनावर अवलंबून असेल, तर अल्पसंख्य बालके संख्येने पुरेशी आली, तरी मोजमापातील चूक त्यांच्याच वाट्याला येईल.

भाषा

येथे सर्वाधिक चुका होतात आणि त्या बहुधा सद्‌हेतूने होतात. 'माहितीपत्रक उर्दूत उपलब्ध आहे' असे लिहिले की काम झाले, असे अनेकांना वाटते. परंतु ब्रॅडफर्डमधील पाकिस्तानी कुटुंबांपैकी मोठा भाग मीरपूर भागातून आलेला आहे आणि त्यांची घरची बोली मीरपुरी आहे, जिला रूढ लिखित रूप नाही. घरात मीरपुरी बोलणाऱ्या प्रत्येक आईला उर्दू वाचता येतेच असे नाही. लंडनमधील बांगलादेशी कुटुंबांत सिल्हेटी बोलणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्या हाती प्रमाण बंगालीतील पत्रक देण्यातही हीच अडचण येते. म्हणून 'कोणती भाषा बोलता' आणि 'कोणती भाषा वाचता' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत आणि उत्तर 'कोणतीही वाचत नाही' असे आल्यास पुढे काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे.

गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेणाऱ्या, २००७ साली सुरू झालेल्या 'बॉर्न इन ब्रॅडफर्ड' या अभ्यासाने याचा विचार व्यवस्थित केला होता. त्यांची प्रश्नावली स्वतः भरायला देण्याऐवजी मुलाखतीतून भरून घेतली जात असे. उर्दू आणि मीरपुरी जाणणाऱ्या कार्यकर्त्या नेमलेल्या होत्या. आणि मीरपुरीतील शब्दरचना आधीच ठरवून दिलेली असल्याने प्रत्येक कार्यकर्तीने आपापल्या परीने भाषांतर करण्याचा प्रश्न नव्हता. २०१० पर्यंत सुमारे १२,४५० स्त्रिया त्यात सहभागी झाल्या आणि त्यांत पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ होते.

भाषांतर शब्दांचे करायचे की आशयाचे, हे एका प्रश्नावरून स्पष्ट होईल. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेल्या एडिंबरो प्रश्नावलीत दहा विधाने आहेत. त्यांतील सहावे विधान इंग्रजीत 'थिंग्ज हॅव बीन गेटिंग ऑन टॉप ऑफ मी' असे आहे. त्याचे शब्दशः मराठी 'गोष्टी माझ्या अंगावर चढत आहेत' असे होईल आणि ते ऐकून बाळंतीण गोंधळेल किंवा घाबरेल. तिच्या तोंडचे मराठी 'मला सगळे झेपेनासे झाले आहे' असे असते. उलट-भाषांतर (भाषांतरित मजकूर पुन्हा मूळ भाषेत आणणे) करून घेतले की अशी चूक सापडते, हा समज पूर्णपणे खरा नाही. उलट-भाषांतर करणाऱ्याला मूळ प्रश्नावली ठाऊक असली, तर वाईट भाषांतरातूनही तो बिनचूक इंग्रजी वाक्य परत देऊ शकतो. त्याऐवजी त्या भाषेतील पाच-सहा आयांना एकेक प्रश्न वाचून दाखवावा आणि 'हा प्रश्न तुम्हाला काय विचारतो आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा' असे म्हणावे. एका दुपारच्या अशा बैठकीतून जे हाती येते, ते प्रमाणपत्रासह आलेल्या महागड्या भाषांतरातून येत नाही.

उपचाराच्या चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'ट्रायल' या शब्दाचेही तसेच आहे. अनेकांच्या कानाला तो न्यायालयातील खटल्यासारखा लागतो. उपचारांच्या यादृच्छिक विभागणीबद्दल सांगताना जुगाराची किंवा लॉटरीची उपमा काही धार्मिक कुटुंबांना खटकू शकते. 'कोणता उपचार मिळेल हे डॉक्टर निवडत नाहीत, संगणक निवडतो, आणि दोन्हींपैकी कोणता अधिक चांगला हे आज कोणालाच माहीत नाही' असे सरळ सांगितलेले बरे. लेखी पत्रकाला पर्याय म्हणून त्या बोलीत चार-पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे. ते फोनवर पाठवता येते, घरी नवऱ्याला आणि सासूलाही ऐकवता येते, आणि निर्णय घरात मिळून होत असेल, तर त्या चर्चेत तुमची माहिती अचूक स्वरूपात पोहोचते.

नातेवाइकांना दुभाषी करू नये. घरगुती हिंसा, पूर्वीचा गर्भपात, नैराश्य यांबद्दलचे प्रश्न नवऱ्याच्या किंवा दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून विचारले गेले, तर मिळणारे उत्तर विदा (डेटा) म्हणून निरुपयोगी असते आणि त्या स्त्रीला धोक्यात टाकणारेही ठरू शकते. व्यावसायिक दुभाषी, शक्यतो स्त्री, आणि समाज लहान असल्यास ओळखीची नसलेली, अशी निवड करावी. दूरध्वनीवरील दुभाषी चालत असेल, तर तेथेही बाईने आपले नाव सांगण्याची गरज नसावी.

अविश्वासाची कारणे

पालक नकार देतात, तेव्हा त्यामागे अज्ञान आहे असे मानण्याची घाई करू नये. १९६९ साली कोव्हेंट्रीमध्ये लोहाच्या शोषणाविषयीच्या एका अभ्यासासाठी सुमारे २१ दक्षिण आशियाई स्त्रियांना किरणोत्सारी लोह मिसळलेल्या पिठाच्या चपात्या घरपोच देण्यात आल्या. त्यांतील अनेकींना इंग्रजी फारसे येत नव्हते आणि आपण काय खात आहोत हे त्यांना कितपत समजले होते, हा प्रश्न १९९५ मधील एका दूरचित्रवाणी माहितीपटाने जगापुढे आणला. २०२३ मध्ये कोव्हेंट्रीच्या खासदार तायवो ओवाटेमी यांनी त्याच्या चौकशीची मागणी पुन्हा केली. ही घटना त्या भागातील कुटुंबांच्या स्मरणात आहे, आणि रक्ताचे नमुने मागायला गेलेल्या संशोधकाला ती माहीत नसेल, तर संभाषण सुरू होण्यापूर्वीच संपते.

दुसरे कारण आजचे आहे. इंग्लंडमध्ये ज्यांना मोफत सेवेचा हक्क नाही, त्यांना बाळंतपणाचे बिल येते. ही सेवा तातडीची मानली जात असल्यामुळे पैशांअभावी ती नाकारता किंवा लांबवता येत नाही, परंतु ५०० पौंड किंवा त्याहून अधिक रक्कम दोन महिन्यांहून जास्त काळ थकली, तर ती माहिती गृहखात्याकडे जाऊ शकते आणि पुढील व्हिसावर तिचा परिणाम होऊ शकतो. अशा कुटुंबाला संशोधनाचा अर्ज आणि रुग्णालयाचा अर्ज यांतील फरक दिसत नाही. दोन्हींवर एनएचएसचे तेच निळे चिन्ह असते. म्हणून माहितीपत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात, सातव्या पानावरील गोपनीयतेच्या कलमात नव्हे, ही माहिती कोण पाहणार, कोण पाहणार नाही आणि अभ्यासासाठी पासपोर्ट किंवा व्हिसा पाहिला जाणार नाही, हे लिहावे. मात्र जे वचन पाळता येणार नाही, ते देऊ नये. बाळाच्या सुरक्षिततेला धोका दिसल्यास माहिती इतरांना द्यावी लागेल, हेही त्याच परिच्छेदात सांगावे.

वेळ, जागा आणि मोबदला

'बॉर्न इन ब्रॅडफर्ड'ने निवडलेली वेळ मला आजही शहाणपणाची वाटते. ब्रॅडफर्डच्या रुग्णालयात २६ ते २८ व्या आठवड्यात सर्वच गरोदर स्त्रियांना ग्लुकोज सहनशीलता चाचणीसाठी बोलावले जात असे. या चाचणीत उपाशीपोटी रक्त घेतात, ७५ ग्रॅम ग्लुकोजचे गोड पाणी पाजतात आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. त्या दोन तासांत स्त्रीला बाहेर जाता येत नाही आणि हाताला दुसरे कामही नसते. अभ्यासाची माहिती सांगायला, शंका ऐकायला आणि मुलाखत घ्यायला तिला वेगळी खेप पडू न देता वेळ मिळतो. तुमच्या अभ्यासातही अशी आधीच असलेली थांबण्याची वेळ शोधावी. स्वतंत्र भेट अपरिहार्य असेल, तर बसचे भाडे, मोठ्या मुलाला सांभाळण्याचा खर्च आणि रमजानमधील वेळा यांचा विचार आधी करावा. भाडे नंतर परत मिळेल, या आश्वासनाचा हातात पैसे नसलेल्याला उपयोग नसतो. मृतजन्म किंवा अर्भकमृत्यूसंबंधीच्या अभ्यासात मुस्लिम आणि ज्यू कुटुंबांना दफन लवकर करायचे असते, त्यामुळे संमती केव्हा मागायची, हे त्यांच्यापैकी पालकांशी बोलूनच ठरवावे.

सल्लागार म्हणून बोलावलेल्या पालकांना चहा-बिस्किटांवर परत पाठवू नये. एनआयएचआरच्या मार्गदर्शनात तासाभराच्या कामाला साधारण २५ पौंड हा दर धरला जातो, आणि तो अंदाजपत्रकात आधीच दाखवावा. सरकारी भत्ता घेणाऱ्या कुटुंबाचा भत्ता अशा उत्पन्नाने कमी होऊ शकतो आणि आश्रयार्थींना काम करण्यास सहसा परवानगी नसते. त्यामुळे मोबदला देण्यापूर्वी योग्य सल्ला मिळवून द्यावा आणि नको असल्यास नाकारण्याचा पर्याय अवघडलेपणा न आणता ठेवावा. एकाच समाजातील एकाच बोलक्या बाईला दरवेळी बोलावणे हीसुद्धा सर्रास घडणारी चूक आहे. संघटनेच्या पदाधिकारी आणि पहिलटकरीण यांचे म्हणणे एक नसते.

संमती

इंग्लंड व वेल्समध्ये मुलाच्या सहभागासाठी कायदेशीर पालकत्वाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीची संमती लागते. आईला ती जन्मतःच असते. वडिलांना ती आईशी विवाह झालेला असल्यास किंवा १ डिसेंबर २००३ नंतर जन्मनोंदीत नाव असल्यास मिळते. केवळ धार्मिक निकाह झालेला आणि नागरी नोंदणी न केलेला पिता जन्मनोंदीत नसेल, तर त्याने सही करून चालत नाही, हे संशोधन-साहाय्यकांना नीट सांगून ठेवावे. त्याच वेळी, सही आईची चालते म्हणून वडिलांना किंवा आजीला चर्चेबाहेर ठेवू नये. आईला आधी एकटीला भेटावे, तिची स्वतःची इच्छा जाणून घ्यावी, आणि ती म्हणेल तर घरच्यांसमोर पुन्हा सर्व सांगावे. सही करता येत नसल्यास साक्षीदारासमक्ष तोंडी संमती नोंदवण्याची पद्धत आराखड्यात लिहून नैतिक समितीकडून मंजूर करून घ्यावी. ऐनवेळी अंगठा घेऊन ती साधता येत नाही.

निष्कर्ष परत नेताना

निष्कर्ष प्रथम त्या समाजाला सांगावेत आणि मगच वृत्तपत्रांच्या हाती द्यावेत. ब्रॅडफर्डच्या विदेवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की, चुलत-मामे-आते भावंडांच्या विवाहातून जन्मलेल्या बालकांमध्ये जन्मजात दोषांचा धोका शंभरांत सुमारे तीनवरून सहावर जातो. 'धोका दुप्पट' असा मथळा यातून सहज निघतो आणि तो खोटाही नाही. पण त्याच आकड्याचा अर्थ असाही आहे की, अशा शंभर बालकांपैकी सुमारे ९४ बालके त्या दोषांविना जन्मतात, आणि ३४ हून अधिक वयाच्या श्वेतवर्णीय ब्रिटिश मातांच्या बाबतीतही त्याच अभ्यासात जवळपास तशीच वाढ आढळली होती. गर्भार बाईला कोणते वाक्य आधी ऐकवायचे, हे प्रसिद्धिपत्रक लिहिण्यापूर्वी सल्लागार पालकांसोबत ठरवावे. त्यासाठी अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत दुभाष्याचा आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च शिल्लक राहील, अशी तजवीज पहिल्याच अंदाजपत्रकात करावी.